वृद्धाश्रमातील आपली माणसे : काय पाहावे, काय विचारावे

‘आपल्यात कुणी आई-बापाला वृद्धाश्रमात ठेवत नाही,’ असे आपण लग्नसमारंभात, मशिदीच्या ओट्यावर, शेजारीपाजारी अभिमानाने सांगतो. अभिमान अगदीच खोटा नाही. आजही बहुतेक घरांत दादी-दादांची खाट घरातच असते. पण मुलगा दुबईला किंवा मस्कतला, मुलगी सासरी, सून नोकरीला आणि घरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली अम्मी किंवा स्वतःच्या मुलाचे नावही विसरलेले अब्बा, अशी घरे आता आपल्या मोहल्ल्यातही आहेत. मग शहराबाहेरचा एखादा वृद्धाश्रम किंवा रुग्णसेवा केंद्र शोधले जाते. नातेवाइकांना मात्र ‘अम्मी गावी आहे’ असे सांगितले जाते.

आई-वडिलांना तिथे ठेवावे की ठेवू नये, याचा निवाडा आम्ही या लेखात करणार नाही. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते आणि ती अल्लाहतआला जाणतो. आमची चिंता त्यापुढची आहे. लोकलज्जेमुळे ही गोष्ट लपवली जाते. लपवली की भेटायला जाणे कमी होते, सोबत कुणाला नेता येत नाही, काही खटकले तरी चारचौघांत बोलता येत नाही. ज्या खाटेजवळ कुणी येत नाही, तिथेच हेळसांड सर्वांत आधी सुरू होते. म्हणून या महिन्यात आपल्या माणसाची तिथे नीट काळजी घेतली जाते की नाही, हे कसे ओळखावे याबद्दल लिहीत आहोत.

एक खुलासा आधीच करू. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. परदेशात त्याच नावाने वृद्धांच्या कायम मुक्कामाची ठिकाणे ओळखली जातात. आम्ही बोलत आहोत ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे वृद्धाश्रम, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची केंद्रे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी केंद्रे यांबद्दल. घरी ब्युरोमार्फत आया किंवा मावशी ठेवली असेल, तरी पुढचे बरेचसे तसेच लागू पडते.

हा प्रश्न एका देशाचा नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, आपापल्या घरी किंवा समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. संस्थांमध्ये तर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी, वर्षभरात आपल्या हातून रहिवाशांशी गैरवर्तन झाल्याचे स्वतःच सांगितले. हे आकडे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांवरून आलेले आहेत. 15 जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे वृद्धांच्या छळाविरुद्ध जागृतीसाठी पाळला जातो, तो यामुळेच.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात ओकडेन नावाचे सरकारी केंद्र होते. स्मृतिभ्रंश आणि मानसिक आजार असलेले वृद्ध तिथे राहत. 2016 मध्ये एका कुटुंबाला आपल्या माणसाच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले. त्याला ठरलेल्या मात्रेच्या दहापट औषध दिले गेल्याचेही उघड झाले. कुटुंब गप्प बसले नाही. 2017 मध्ये राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आला आणि केंद्र बंद करावे लागले. पुढे 2018 मध्ये देशाने वृद्धसेवेच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला. आयोगाने 2019 च्या अंतरिम अहवालाला ‘हेळसांड’ या अर्थाचाच मथळा दिला आणि 2021 च्या अंतिम अहवालात 148 शिफारशी केल्या.

या सगळ्यात ध्यानात ठेवण्याजोगी बाब ही की, ओकडेन सरकारी तपासणीत अनेक वर्षे उत्तीर्ण होत होते. कागद चोख होता. डाग दिसले ते भेटायला येणाऱ्या घरच्यांना. दर्शनी भागात टांगलेले प्रमाणपत्र पाहून आपण निर्धास्त झालो, तर आपल्या माणसाकडे पाहणारे दुसरे कुणी उरत नाही.

अंगावरच्या खुणा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पहिली परीक्षा म्हणजे त्याची पाठ. कुशी बदलली नाही, ओले कपडे वेळेवर बदलले नाहीत, तर माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू इथे बेडसोर होतात. सुरुवातीला फक्त लालसर चट्टा दिसतो. तो बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही, ही त्याची खूण. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी असे सांगितले जाते. फार खालावलेल्या रुग्णाला चांगली काळजी घेऊनही जखम होऊ शकते. पण तशी झाली तर घरच्यांना कळवले जाते, डॉक्टर येतो, मलमपट्टीची नोंद असते. जखमेला दुर्गंधी येईपर्यंत आपल्याला कुणी काही सांगितलेच नाही, तर ती हेळसांड समजावी. म्हणून भेटीला गेल्यावर चादर बाजूला करून टाचा पाहाव्यात. पाठ पाहण्यासाठी आयाची मदत मागावी. यात संकोच नको. मुलाने किंवा मुलीने आईची टाच पाहण्यात गैर काय?

डागांबाबत जरा सबुरीने घ्यावे. म्हातारपणी कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही डाग उठतो. गुडघा, कोपर, नडगी इथला डाग बहुधा आपटल्याचा असतो. मात्र दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, दोन्ही मनगटांवर सारखे वळ, मान, चेहरा, पाठ किंवा मांडीच्या आतल्या बाजूला डाग दिसले तर विचारलेच पाहिजे. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे ‘हा जुनाच आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. कधी आणि कसे लागले, तेव्हा कोण होते, नोंद कुठे आहे, एवढे विचारावे. दोन माणसांनी दोन कारणे सांगितली, तर सावध व्हावे.

मनगटावरचे वळ पुष्कळदा बांधून ठेवल्याचे असतात. ‘पडू नयेत म्हणून ओढणीने बांधतो’, हे उत्तर फार सहजपणे दिले जाते. बांधल्याने माणूस सुरक्षित होत नाही. सांधे आखडतात, बेडसोर वाढतात, सुटण्याच्या धडपडीत इजा होते. अमेरिकेने 1987 मध्येच कायदा करून शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशांना बांधण्यास मनाई केली. तोच कायदा गुंगीच्या औषधांनाही लागू आहे. औषधानेही माणूस बांधता येतो, हे त्यांनी ओळखले होते. अब्बा प्रत्येक भेटीत झोपलेलेच दिसतात, लाळ गळते, बोलता बोलता डोळे मिटतात, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका. कोणत्या गोळ्या चालू आहेत, कुणाच्या चिठ्ठीवरून आणि कशासाठी, हे लिहून घ्या आणि बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या काही मनोविकाराच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला आहे. मात्र अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

तिसरी गोष्ट अन्न आणि पाणी. हातातील बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली, अंगठी गळून पडली, दातांची कवळी ढिली झाली की वजन उतरले समजावे. महिन्याला वजन करून लिहून ठेवण्याची मागणी करा. पाण्याचे तर विशेष लक्ष हवे. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि वारंवार लंगोट बदलावा लागू नये म्हणून पाणीच कमी देण्याची वाईट सवय काही ठिकाणी असते. कोरडे ओठ, कोरडी जीभ, गडद लघवी आणि अचानक सुरू झालेली असंबद्ध बडबड ही लक्षणे आहेत. तांब्या खाटेपाशी आहे का, आणि त्यांच्या हाताला लागतो का, हे पाहा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला भरलेला तांब्या काय कामाचा?

मनावरच्या खुणा

आम्ही शाळेत शिकवतो. बडबड करणारे मूल एखाद्या विशिष्ट व्यक्तीसमोर गप्प होऊ लागले की शिक्षकाने सावध व्हावे, हे अनुभवाने कळते. वृद्धांबाबतही तसेच आहे. अमुक एक कर्मचारी खोलीत आला की अम्मी बोलणे थांबवते, हात मागे घेते, ‘सब ठीक है, बहुत अच्छे लोग हैं’ असे पाठ केल्यासारखे म्हणते, तर त्या ‘ठीक’ला ठीक मानू नये. शिवीगाळ, टोमणे, ‘तुझी मुलं तुला टाकून गेली’ असे हिणवणे, जेवण बंद करण्याची धमकी, हाही छळच आहे. त्याचा डाग अंगावर उमटत नाही इतकेच.

विचारताना ‘तुला मारतात का?’ असे थेट विचारले तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच उत्तर येते. तिला तिथेच राहायचे असते. त्याऐवजी खुर्चीवर बसवून बाहेर उन्हात न्यावे आणि हळूहळू विचारावे. रात्री हाक मारली तर कोण येते? आंघोळ कोण घालते? काल काय जेवलात? कुणाचा हात हलका आहे, कुणाचा जड? उत्तरे आपोआप मिळतात.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ‘मला जेवायलाच देत नाहीत’ असे पाच मिनिटांपूर्वी जेवूनही म्हणू शकतो. म्हणून प्रत्येक तक्रार शब्दशः खरी मानता येत नाही. ‘त्यांना काही आठवत नाही’ म्हणून प्रत्येक तक्रार खोटी मानणे मात्र त्याहून वाईट. ऐन जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे, वजन पाहावे, शेजारच्या खाटेवरील माणसाला विचारावे.

आपल्या घरांतील आणखी एक अडचण भाषेची. स्मरण जाऊ लागले की माणूस पुष्कळदा लहानपणीच्या बोलीकडे परततो. चाळीस वर्षे मराठी बोललेल्या दादी केवळ दखनी बोलू लागतात, नाहीतर कोकणी मुसलमानांची आपली बोली. तिथल्या मावशीला ते कळत नाही आणि ‘आजी उगाच ओरडतात’ असा शिक्का बसतो. उपाय साधा आहे. वीस-पंचवीस शब्द देवनागरीत लिहून खाटेजवळ लावा: पाणी, लघवी, दुखते, थंडी वाजते, वजू, भूक, दिवा बंद करा. एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. घरातील शाळकरी मुलांकडून हा कागद करून घ्या.

पाकी आणि पडदा ही चैन नव्हे

जन्मभर पाकीची दक्षता घेतलेल्या बाईला ओल्या लंगोटात चार तास ठेवणे म्हणजे फक्त कातडीची हेळसांड नाही. तिच्या नमाजचीही ती हेळसांड आहे. ती रडत असेल तर कशासाठी, हे तिथल्या माणसांना कळेलच असे नाही. ते आपण सांगायचे. आजाऱ्याला तयम्मुमची सवलत आहे, बसून किंवा पडून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. तेव्हा किब्ल्याची दिशा दाखवणारी एक चिठ्ठी, डोक्यावर घ्यायची ओढणी आणि नमाजची वेळ आठवून देणारे एक माणूस, एवढीच मागणी आहे. स्त्रीची आंघोळ आणि कपडे बदलणे स्त्रीनेच करावे, पडदा ओढून करावे. जेवणात काय चालत नाही ते लेखी द्यावे. प्रवेश घेतानाच हे बोलून ठेवावे. चांगल्या संस्था हे आनंदाने करतात, मग तिथे कोणत्याही धर्माची माणसे असोत. ‘इथे असले लाड चालत नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर बाकीच्या गोष्टींत काय होईल याचा अंदाज बांधावा.

पैशांचे व्यवहार

पेन्शनचे पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याचा क्रमांक कुणाकडे आहे? कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला का? अंगावरचे डूल, चांदीची अंगठी जागेवर आहे का? इथे केवळ संस्थेवर संशय घेऊन भागत नाही. वृद्धांना लुबाडणारे हात बऱ्याचदा घरचेच असतात. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ न केल्यास ते हस्तांतरण रद्द ठरवण्याची तरतूद आहे. बक्षीसपत्र किंवा हिबानामा करण्याआधी ही बाब जाणकार वकिलाला विचारून लेखी करून घ्यावी.

संस्थेची बाजूही पाहावी

तिथली मावशी जुलमीच असते असे समजणे अन्यायाचे होईल. बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार आणि एका बाईकडे दहा-बारा अंथरुणे असतील, तर दर दोन तासांनी कुशी कोण बदलणार? अशा ठिकाणी हेळसांड वाईट मनाशिवायही होते. म्हणून प्रवेशापूर्वी रंगरंगोटी आणि बाग पाहण्याऐवजी विचारावे : रात्रपाळीला किती माणसे असतात? किती रहिवाशांमागे एक? डॉक्टर कोणत्या दिवशी येतो? रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या इस्पितळात नेतात? न कळवता भेटायला आले तर चालते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे ठेवू नका. भेटीची वेळ बदलत राहा. कधी सकाळी, कधी जेवणाला, कधी मगरिबनंतर. आणि चांगले काम करणाऱ्या मावशीचे नाव घेऊन आभार माना, ईदला शिरखुर्मा तिलाही पाठवा. चांगली माणसे टिकली तर आपल्याच माणसाचे भले होते.

संशय आला तर

जिवाला धोका असेल तर चर्चेत वेळ न घालवता इस्पितळात न्यावे आणि 112 वर पोलिसांना कळवावे. मारहाण, डांबून ठेवणे हे गुन्हेच आहेत, मग ते वृद्धाश्रमाच्या भिंतीआड का होईनात. तातडी नसेल तर तारीख आणि वेळ टाकून वहीत लिहा, त्यांच्या संमतीने फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन कागद ठेवा. मग संचालकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

समाधान झाले नाही तर 14567 हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सकाळी 8 ते रात्री 8 पर्यंत तो चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही अर्ज देता येतो. मुलांकडून निर्वाहखर्च हवा असेल तर 2007 च्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात हे काम प्रांताधिकाऱ्यांकडे आहे. वृद्धांना स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. याच कायद्याच्या कलम 24 नुसार, ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने वृद्धाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या महिन्याची फी भरून फोन नंबर बदलणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावे.

‘तक्रार केली तर आमच्यामागे त्यांना त्रास देतील,’ ही भीती आम्हाला अनेकांनी बोलून दाखवली आहे. भीती खोटी नाही. पण कुणी विचारणारे नाही हे ज्याच्या बाबतीत ठाऊक असते, त्याला त्रास देणे जास्त सोपे असते. एकट्याने जाऊ नका, दोघे-तिघे जा. तक्रारीनंतर काही दिवस रोज जा. आणि दुसरी जागा हाताशी ठेवा, म्हणजे तिथून हलवण्याची वेळ आलीच तर धावपळ होणार नाही.

जबाबदारी सोपवता येत नाही

सूरह बनी इस्राईलच्या 23 व्या आयतीत आई-वडील म्हातारे झाले तर त्यांच्यापुढे कंटाळ्याचा उद्गारही काढू नये, अशी ताकीद आहे. आपण ही आयत मुलांना पाठ करून घेतो. पगार देऊन दुसऱ्याला कामाला लावले म्हणून ही ताकीद आपल्यावरून उठत नाही. आपल्या वतीने त्यांच्याशी बोलणारा माणूस कोणत्या सुरात बोलतो, याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागेल. आणि ज्यांनी अम्मी-अब्बांना घरीच ठेवले आहे त्यांनीही वरच्या खुणा एकदा आपल्या घरातल्या खाटेपाशी तपासून पाहाव्यात. मागच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजाआड, पाण्याविना पडलेले वृद्ध आपल्या घरांतही आहेत.

इमाम अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक हकिकत नोंदवली आहे. एका वृद्ध, अंध यहुद्याला भीक मागताना पाहून त्यांनी त्याला घरी नेले, जवळचे काही दिले आणि त्याला व त्याच्यासारख्यांना बैतुलमालमधून मदत द्यावी, जिझिया घेऊ नये, असा हुकूम केला. म्हातारपणात माणसाला टाकून देणे त्यांना अन्याय वाटला, आणि ते करताना त्यांनी त्याचा धर्म पाहिला नाही.

तेव्हा जमातीच्या मंडळींना आमची एक सूचना आहे. आपल्या गावाजवळ जो वृद्धाश्रम असेल, तिथे महिन्यातून एकदा जुम्याच्या नमाजानंतर चार-पाच जणांनी जावे. त्यात दोन भगिनी असाव्यात, म्हणजे स्त्रियांच्या खोलीतही जाता येईल. फळे नेली तर उत्तम, नाही नेली तरी चालेल. खाटेपाशी बसावे, नाव विचारावे, तांब्या भरून द्यावा. आणि आपल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही ‘कशा आहात?’ असे विचारून या. त्यांना भेटायला येणारे कदाचित कुणीच नसेल.